काउंटीच्या पातळीवर वॉरंटाच्या नोंदी कशा शोधाव्यात

पुण्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा भाचा टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या रिचर्डसन येथे शिकत असताना, सुमारे चार वर्षांपूर्वी, मित्रांबरोबर गाडीने ऑस्टिनला निघाला होता. वाटेत वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल पोलिसांनी त्याला तिकीट, म्हणजे आपल्याकडचे चलन, दिले. पुढे नोकरीसाठी तो न्यू जर्सीला गेला, तिकीट निकाली काढायचे राहून गेले आणि कागदही हरवला. अलीकडे त्याला ‘तुमच्या नावाने वॉरंट निघाले आहे, आजच पैसे भरा’ असा फोन आला. डिसेंबरात लग्नासाठी पुण्याला येऊन, मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंग करून त्याला परत जायचे आहे. वॉरंट खरोखर निघाले आहे की नाही, हे काउंटीच्या सार्वजनिक नोंदींमधून कसे पाहायचे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

टेक्सासमध्ये फौजदारी वकिलांसाठी न्यायालयीन नोंदी शोधून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. मी स्वतः वकील नाही. त्यामुळे पुढील मजकूर नोंदी कुठे आणि कशा शोधाव्यात यापुरताच समजावा.

वॉरंटाचा शोध म्हणजे एखाद्या यादीत नाव पाहणे, अशी बहुतेकांची समजूत असते. सर्वसामान्य माणसाला पाहता येईल अशी देशभरातील वॉरंटांची एकच यादी अमेरिकेत अस्तित्वात नाही. एफबीआयकडे एनसीआयसी नावाची संगणकीय नोंदवही १९६७ पासून आहे आणि तिच्यात ‘हव्या असलेल्या व्यक्तीं’चा विभागही आहे, परंतु ती पोलीस, न्यायालये आणि सीमेवरील अधिकारी यांच्यासाठीच आहे. पैसे भरून ती आपल्याला दाखवतो असे सांगणारे कोणतेही संकेतस्थळ खोटे बोलत आहे, हे निःशंकपणे समजावे. सामान्य माणसाच्या हाती उरतो तो न्यायालयातील खटला. वॉरंट सहसा अधांतरी नसते. न्यायाधीशाने ते बहुधा कोणत्या तरी खटल्यात काढलेले असते. म्हणून मी वॉरंट शोधायला बसत नाही, खटला शोधतो. तो सापडला की वॉरंट आहे, होते की मागे घेतले गेले, हे त्याच पानावर बहुधा कळते.

खटला शोधण्यासाठी काउंटी नेमकी ठरवावी लागते. आकाराने काउंटीला आपल्या जिल्ह्यासारखे मानायला हरकत नाही, मात्र तिचा कारभार जिल्ह्यासारखा एका कार्यालयाभोवती गोळा झालेला नसतो. शेरीफ निवडून येतो, आणि वॉरंट बजावणे व तुरुंग चालवणे हे त्याचे काम असते. न्यायालयाच्या नोंदी क्लर्क सांभाळतो. टेक्सासमध्ये तोही निवडून येतो आणि शेरीफच्या अखत्यारीत नसतो. दोघांच्या संगणकप्रणाली वेगळ्या असतात आणि त्यांच्यातील माहिती नेहमी एकाच दिवशी जुळतेच असे नाही. टेक्सासमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. प्रकरण कोणत्या काउंटीत चालणार हे घटना कुठे घडली यावर ठरते, राहण्याच्या पत्त्यावर नाही. आपल्या भाच्याच्या बाबतीत रिचर्डसनचा पत्ता, विद्यापीठ किंवा न्यू जर्सीचे घर यांपैकी कशाचाही शोधाला उपयोग नाही.

डॅलसहून ऑस्टिनला जाणारा पस्तीस क्रमांकाचा महामार्ग एलिस, हिल, मॅक्लेनन, बेल, विल्यमसन अशा काउंट्यांमधून जाऊन ट्रॅव्हिस काउंटीत पोहोचतो. तिकीट यांपैकी कुठेही मिळालेले असू शकते आणि ‘वेको शहराच्या थोडे आधी’ एवढ्या आठवणीवर काउंटी नक्की होत नाही. अशा वेळी मी लोकांना त्या दिवसाचे बँक-कार्डाचे विवरण, फोनमधील छायाचित्रांच्या जागा आणि मित्रांशी झालेले संदेश पाहायला सांगतो. पेट्रोल कुठे भरले आणि त्यानंतर किती वेळाने गाडी अडवली, एवढे कळले तरी काउंट्यांची संख्या दोनांवर येते. शहरांची हद्दही फसवी असते. खुद्द रिचर्डसन हे शहर डॅलस आणि कॉलिन अशा दोन काउंट्यांत पसरलेले आहे, तर मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेले फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन यांच्यात विभागलेले आहे.

काउंटीइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे गाडी कोणी अडवली, आणि नेमके हेच लोक सांगायला विसरतात. शहराच्या पोलिसाने अडवले असेल तर तिकीट त्या शहराच्या नगर न्यायालयात जाते. राज्याच्या ट्रूपरने, म्हणजे राज्य पोलिसाने, किंवा शेरीफच्या डेप्युटीने अडवले असेल तर ते काउंटीतील ‘जस्टिस ऑफ द पीस’ या किरकोळ खटल्यांच्या न्यायालयात दाखल होते. मोठ्या काउंटीत अशी अनेक न्यायालये असतात आणि प्रत्येकाकडे आपापला प्रिसिंक्ट, म्हणजे काउंटीचा ठरावीक भाग, असतो. नगर न्यायालय हे शहराचे असल्यामुळे त्याचे खटले काउंटीच्या संकेतस्थळावर सहसा दिसत नाहीत. काउंटीच्या पानावर नाव टाकले, काही आले नाही, म्हणून निर्धास्त झालेली आणि नंतर शहराच्या वॉरंटावर अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा भाच्याला गणवेश आठवायला सांगा. तपकिरी गणवेश, काउबॉय पद्धतीची टोपी आणि काळी-पांढरी गाडी असेल तर तो राज्याचा ट्रूपर असण्याची शक्यता मोठी, आणि महामार्गावर तीच अधिक संभवते.

प्रत्यक्ष शोध काउंटीच्या अधिकृत संकेतस्थळावरील न्यायालयीन नोंदींच्या पानापासून करावा. टेक्सासमधील बऱ्याच काउंट्या प्लेनो येथील टायलर टेक्नॉलॉजीज या कंपनीची प्रणाली वापरतात, त्यामुळे एका काउंटीचे पान वापरता आले की पुढचेही परके वाटत नाही. तेथे दिवाणी, कौटुंबिक, फौजदारी आणि जस्टिस न्यायालये असे वेगळे विभाग असतात. वाहतुकीचे तिकीट फौजदारी विभागात शोधून उपयोग होत नाही, कारण ते जस्टिस न्यायालयाच्या विभागात असते. शोध प्रतिवादीच्या नावाने करावा आणि खटल्याची स्थिती ‘सर्व’ अशी ठेवावी; केवळ चालू खटले मागितले तर काही काउंट्यांमध्ये वॉरंटामुळे थांबलेला खटला ‘निष्क्रिय’ गटात गेल्यामुळे दिसत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र मी वाचकांना अंमळ थांबायला सांगेन, कारण मराठी माणसाचा शोध बहुतेक वेळा इथेच फसतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रचना असते. पासपोर्टवर पहिली दोन नावे एकाच रकान्यात येतात, वाहन-परवान्यावर दुसरे नाव कधी मधले नाव म्हणून येते, कधी गळते, आणि रस्त्याच्या कडेला तिकीट लिहिणारा अधिकारी घाईत वडिलांचे नावच आडनावाच्या जागी टाकतो. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव अज्ञात’, असे छापलेले असते आणि ती अक्षरे नाव म्हणून न्यायालयापर्यंत पोहोचतात. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे तपासावी लागतात. देशपांडे, कुलकर्णी, क्षीरसागर, वैशंपायन ही आडनावे रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिली जातात, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे आणि त्यापुढे तारांकन असा शोध, जिथे प्रणाली तो स्वीकारते तिथे, आधी करावा. मग नावांची अदलाबदल करून पाहावे. मग वडिलांचे नाव आडनाव समजून पाहावे. जन्मतारीख टाकताना महिना आधी आणि दिवस नंतर येतो. भारतीय सवयीने उलट लिहिल्यामुळे ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर मिळाल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. पाटील किंवा जोशी आडनावाच्या एखाद्याची नोंद सापडली, त्यात वॉरंट दिसले, म्हणून ते आपल्याच माणसाचे ठरत नाही. जन्मतारीख, त्या वेळचा पत्ता, गाडीचा क्रमांक किंवा परवान्याचे शेवटचे आकडे यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय मी तो खटला त्या व्यक्तीचा धरीत नाही.

खटला सापडल्यावर त्याची घडामोडींची जंत्री, ज्याला तेथे डॉकेट म्हणतात, ती तारखेच्या क्रमाने वाचावी. आपल्या भाच्याच्या बाबतीत बहुधा एकाऐवजी दोन खटले दिसतील: एक वेगमर्यादेचा आणि दुसरा हजर राहण्याचे वचन मोडल्याचा. तिकिटावर सही करणे म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत न्यायालयात हजर राहण्याचे वचन देणे असते आणि ते मोडणे हा टेक्सासमध्ये वेगळा गुन्हा आहे. ज्या खटल्यात आरोपीने अजून कबुली किंवा नकार दिलेला नाही, त्यात किरकोळ न्यायालये जे वॉरंट काढतात त्याला ‘एलियस वॉरंट’ म्हणतात. निकाल लागून दंड न भरल्यास जो हुकूम निघतो तो ‘कॅपियस प्रो फाइन’. दोन्हींचा परिणाम अटक हाच असला तरी सोडवण्याचा मार्ग वेगळा असतो, म्हणून कोणता शब्द लिहिला आहे ते टिपून ठेवावे. त्यानंतर ‘मागे घेतले’, ‘बजावले’ किंवा ‘रद्द’ अशी पुढची नोंद आहे का ते पाहावे. केवळ ‘वॉरंट निघाले’ ही ओळ वाचून घाबरलेल्या कित्येकांच्या डॉकेटवर दोन ओळी खाली ते मागे घेतल्याचे लिहिलेले असते.

डॉकेटनंतर शेरीफच्या संकेतस्थळाकडे वळावे. काही शेरीफ चालू वॉरंटांचा नावाने शोध उपलब्ध करून देतात, काही निवडक फरारींची छायाचित्रे तेवढी लावतात आणि पुष्कळ जण काहीच प्रसिद्ध करीत नाहीत. तुरुंगात सध्या कोण आहे त्याची यादी जवळपास सगळीकडे असते, पण ती वॉरंटाची यादी नव्हे. टेक्सासपुरते आणखी एक साधन आहे: हजर न राहिल्यामुळे ज्यांच्या वाहन-परवान्याचे नूतनीकरण रोखले आहे त्यांची माहिती राज्याच्या ‘फेल्युअर टु अपिअर’ कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पाहता येते. भाच्याकडे तेव्हा टेक्सासचा परवाना असेल, तर मी सर्वांत आधी हेच पाहीन, कारण त्यात न्यायालयाचे नाव आणि फोन क्रमांक दोन्ही मिळतात आणि काउंटी शोधण्याचा वर सांगितलेला सगळा खटाटोप वाचतो. मात्र प्रत्येक न्यायालय या कार्यक्रमात सहभागी नसते.

काहीच सापडले नाही, तर त्याचा अर्थ फार जपून लावावा. वॉरंटाचे काही प्रकार मुद्दामच लोकांपासून दूर ठेवलेले असतात. अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती सांगते की वॉरंटासाठी संभाव्य कारण हवे आणि त्याला शपथेचा आधार हवा. पोलीस अशी शपथपत्रे न्यायाधीशापुढे ठेवतात तेव्हा आरोपीला त्याचा सुगावा लागू नये हाच हेतू असतो. टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार अटकेचे वॉरंट आणि त्यामागचे शपथपत्र ही सार्वजनिक माहिती आहे, परंतु क्लर्कवर त्याची प्रत देण्याचे बंधन येते ते वॉरंट बजावले गेल्यापासून. गंभीर गुन्ह्याच्या तपासातील न बजावलेले वॉरंट म्हणूनच संकेतस्थळावर दिसणार नाही. हजर न राहिल्याबद्दल न्यायालयाने स्वतःहून काढलेले वॉरंट बहुधा दिसते. आपल्या प्रश्नातील वॉरंट याच दुसऱ्या जातीचे असल्यामुळे ते सापडण्याची आशा चांगली आहे.

संकेतस्थळावर शोध झाल्यावर क्लर्कच्या कार्यालयाला फोन करावा. माझ्या मते पूर्ण शोधातील सर्वांत विश्वासार्ह पायरी हीच आहे. क्लर्क कायदेशीर सल्ला देत नाही, पण खटला क्रमांक, वॉरंटाची स्थिती, जामिनाची रक्कम आणि थकबाकी सांगतो. हिवाळ्यात टेक्सासमधील सकाळचे आठ म्हणजे पुण्यातील संध्याकाळचे साडेसात, तेव्हा हा फोन आपण पुण्यातूनही करू शकता. मात्र माहिती खुद्द आरोपीने किंवा त्याच्या वकिलाने विचारलेली बरी. काही काउंट्यांची संकेतस्थळे भारतातून उघडतही नाहीत. अशा वेळी भाच्यालाच न्यू जर्सीतून पाहायला सांगावे. अमेरिकेचा माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा काउंटीला लागू होत नाही, आणि टेक्सासचा सार्वजनिक माहितीचा कायदाही न्यायालयांना लागू नाही, त्यामुळे त्या कायद्यांखाली अर्ज लिहिण्यात वेळ घालवू नये.

आता त्या फोनविषयी. तो भामट्याचा असण्याची शक्यता मोठी आहे. शेरीफच्या नावाने फोन करून, वॉरंटाची भीती घालून गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो चलनात पैसे मागणे हा तिकडचा जुना धंदा आहे. त्याचा एक प्रकार ज्युरीच्या कामाला गैरहजर राहिल्याचे वॉरंट सांगतो. व्हिसावर असलेला माणूस ज्युरीत बसूच शकत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी तो उघडा पडतो. तथापि, येथे एक अडचण आहे. टेक्सासमधील न्यायालये थकीत दंडाच्या वसुलीचे काम खासगी वसुली कंपन्यांना आणि वकिलांच्या फर्मना देतात, कायद्याने थकबाकीवर तीस टक्क्यांपर्यंत वसुली शुल्कही लावता येते, आणि या कंपन्या व फर्म खरोखर फोन करतात. तेव्हा फोन खरा की खोटा याचा खल न करता खटला क्रमांक आणि न्यायालयाचे नाव तेवढे विचारून घ्यावे, फोन ठेवावा आणि काउंटीच्या अधिकृत पानावरील क्रमांकावर स्वतः फोन करावा. फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री होत नाही.

वॉरंट निघाले असल्यास पुढे काय, हे गुन्ह्याच्या वर्गावर अवलंबून आहे. वेगमर्यादेचे तिकीट टेक्सासमध्ये ‘क्लास सी’ या सर्वांत खालच्या वर्गात येते. या वर्गात शिक्षा फक्त दंडाची असते आणि तो साधारणपणे पाचशे डॉलरपर्यंत असतो. अशा प्रकरणात आरोपी आपणहून हजर होऊन निपटारा करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करील, तर वॉरंट मागे घ्यावे, असे राज्याचा कायदाच न्यायाधीशाला सांगतो. न्यू जर्सीतून हे काम बहुधा टेक्सासमधील वकिलामार्फत, आणि अनेक न्यायालयांत टपालाने किंवा दूरदृश्य सुनावणीने होते. इतक्या लहान प्रकरणासाठी सहसा कोणी आरोपीला दुसऱ्या राज्यातून उचलून आणत नाही. परंतु टेक्सासमध्ये पुन्हा कधी गाडी अडवली गेली, तर अटक होऊ शकते. ‘क्लास बी’ किंवा त्यावरील आरोप असेल, दारू पिऊन गाडी चालवणे किंवा घरगुती हिंसाचार यांचा संबंध असेल, तर मात्र स्वतः न्यायालयाच्या खिडकीवर जाऊन चौकशी करू नये. आधी वकील गाठावा.

व्हिसाच्या दृष्टीने घाई करण्याचे कारण वेगळेच आहे. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली आहे का’ असा थेट प्रश्न असतो. निकाली निघालेले तिकीट ही लहान बाब आहे. त्याच तिकिटाच्या वॉरंटावर अटक झाली, की तो प्रश्न आयुष्यभर ‘होय’ होतो. तसेच अमेरिकेत परतताना विमानतळावरील अधिकारी एनसीआयसी पाहू शकतो. म्हणून हे प्रकरण लग्नासाठी विमानाची तिकिटे काढण्याआधी मिटवावे आणि तिकीट निकाली दंड भरून काढायचे की सुनावणी मागून, हे इमिग्रेशन वकिलाला विचारून ठरवावे, कारण दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी मान्य करणेच असते.

इतर राज्यांतील वाचकांसाठी थोडेसे. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड येथे राज्यभरातील डॉकेट एकाच पानावर, विनामूल्य शोधता येतात. मात्र मेरीलँडमध्ये न बजावलेले अटकेचे वॉरंट ठरावीक मुदतीपर्यंत गुप्त असते. युटाह आणि फ्लोरिडा ही राज्ये वॉरंटांचा राज्यव्यापी शोध लोकांना खुला ठेवतात. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्यांची स्वतंत्र सुपिरियर न्यायालये आहेत, आणि तेथील अपील न्यायालयाच्या २०२१ च्या एका निर्णयानंतर न्यायालयाच्या सार्वजनिक सूचीत जन्मतारीख किंवा परवाना क्रमांक टाकून शोध घेता येत नाही. त्यामुळे सामान्य आडनावांची खातरजमा तेथे न्यायालयात जाऊनच करावी लागते. व्हर्जिनियात ताशी पंच्याऐंशी मैलांच्या वर गाडी हाकणे हे साधे तिकीट नसून गुन्हा आहे, आणि तेथे ३८ स्वतंत्र शहरे कोणत्याही काउंटीत मोडत नाहीत, म्हणून फेअरफॅक्स काउंटी आणि फेअरफॅक्स शहर वेगवेगळे तपासावे.

इमिग्रेशन खात्याचे प्रशासकीय वॉरंट न्यायाधीशाच्या सहीचे नसते आणि कोणत्याही काउंटीच्या नोंदीत ते सापडणार नाही. संघीय न्यायालयाच्या खटल्यांसाठी ‘पेसर’ ही वेगळी सशुल्क प्रणाली आहे.

वॉरंट मागे घेतल्यानंतर क्लर्ककडून त्या आदेशाची प्रमाणित प्रत थोडे शुल्क भरून अवश्य घ्यावी. न्यायालयाच्या डॉकेटवर ‘मागे घेतले’ अशी नोंद झाली तरी शेरीफच्या आणि पोलिसांच्या संगणकातून वॉरंटाची नोंद निघायला काही दिवस लागू शकतात, आणि मधल्या काळात गाडी अडवली गेली किंवा विमानतळावर जादा चौकशीसाठी दुसऱ्या खोलीत बसवले गेले, तर तो कागद जवळ असणे सोयीचे ठरते. त्याची एक प्रत प्रवासात पासपोर्टबरोबर ठेवावी आणि दुसरी घरी जपून ठेवावी, कारण पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी खटल्याचा निकाल मागितला जाऊ शकतो आणि तोपर्यंत छोट्या न्यायालयांनी जुने कागद नष्ट केलेले असतात.